जागलीची रोजी

आमचं अल्लीपूर हिंगणघाट तालुक्यातलं, सपाट काळ्या मातीचं. डोंगर पाहायचा तर सेलूपल्याड बोरच्या जंगलाकडं जावं लागतं. २०१४ मध्ये तिथं व्याघ्र प्रकल्प झाला. शहरातले लोक जिप्सीत बसून वाघ पाहतात, फोटो काढतात, संध्याकाळी घरी. त्याच जंगलाच्या कडेचा शेतकरी तेव्हा कंदील-काठी घेऊन वावरात जागलीले निघतो. रोही तूर फस्त करतात, रानडुकरं हरभरा उकरून टाकतात. पिकाची भरपाई कागदावर तरी आहे. रातभराच्या जागलीची रोजी कोण देते?

वरून आमच्याच पारावरचे शहाणे विचारतात, 'जंगलात कायले राहता?' अरे बाप्पा, गावं आधीची, प्रकल्प मागून आला! वाघ सगळ्यांचा असेल, तर कुंपणाचा खर्च एकट्या त्याच्याच माथी काऊन?