नदीचा हिशेब कोणी मांडायचा?

मी भंडारा जिल्ह्यातला, वैनगंगेच्या काठचा. वडील ढिवर, मासेमारी करणारे. कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. दिवाळीच्या सुटीत गावी गेलो, तर बाबा काठावर जाळे झटकत बसले होते. मासळी थोडी, घाणच जास्त. मला म्हणाले, "हे तुह्या नागपूरचं पानी हाये. थे शिकवतेत का तुमच्या कॉलेजात?"

मी गप्प राहिलो. उत्तर भूगोलाच्या वहीतच होते. लाव्ह्याच्या टेकड्यांतून निघालेली नाग नदी अंबाझरीहून शहरात शिरते, पुढे पिवळीला सोबत घेऊन कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला मिळते आणि ते पाणी गोसीखुर्दच्या धरणात अडते. म्हणजे माझ्या वसतिगृहाची मोरीही आमच्या जाळ्यापर्यंत पोचते! दोष एकट्या कारखानदाराला कसा द्यावा?

कायदा नाही असेही नाही. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ सालचा. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते, यावर मर्यादा ठरतात. नदीत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी १९८६ च्या नियमांतील सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम. आंघोळीयोग्य नदीसाठी मात्र ३. तिसाचे तीन व्हायला एका भाग सांडपाण्यात नऊ भाग निर्मळ पाणी हवे. उन्हाळ्यात नागेजवळ स्वतःचे पाणी असते तरी किती? प्रत्येक नाल्याने नियम पाळला तरी नदी नापासच!

म्हणून मला वाटते, मर्यादा नाल्याची नव्हे, नदीची ठरवावी. नदी रोज किती घाण पचवू शकेल ते आधी मोजावे आणि तेवढीच वस्त्या, कारखाने व नगरपालिका यांत वाटून द्यावी. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ जल कायद्यात अशी तरतूद आहे. आपल्याच शहरात 'नीरी'सारखी राष्ट्रीय संस्था असताना आपल्याला हे अशक्य का असावे?

पैसा कोठून आणायचा, असे कोणी विचारील. भांडेवाडीला शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. म्हणजे शुद्ध केलेल्या पाण्याला मागणी आहे. त्यातला एक वाटा नदीलाही द्यावा.

मित्रहो, २३ सप्टेंबर २०२३ ला नागेचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा शहराला नदी आठवली. पूर ओसरला आणि ती पुन्हा 'नाला' झाली. जिच्यावरून शहराला नाव मिळाले असे आपण सांगतो, तिला नाला म्हणताना आपली जीभ अडखळत कशी नाही?

पुढच्या सुटीत बाबा पुन्हा विचारतील. शिकवतात, एवढे तरी मी सांगेन. पण शिकून आम्ही काय केले, हे त्यांनी विचारले तर?

— बी. ए., द्वितीय वर्ष