वाडा विकण्यापूर्वीं

वाडा विकावयाचा असें घरांत एकदां ठरलें, कीं पहिला प्रश्न निघतो तो रंगाचा. आमच्या वाईच्या वाड्याचेंही असेंच झालें. आईवडिलांच्या पश्चात् तेथें राहावयास कोणी उरलें नव्हतें. आम्ही तिघे भाऊ नोकऱ्यांच्या निमित्तानें तीन गांवीं पांगलेलों, आणि दर ज्येष्ठांत कौलांची शाकारणी कोणी करावी यावरून तिघांत कुरबुर. शेवटीं विकावयाचें ठरलें. दलाल येऊन पाहून गेले व म्हणाले, "मास्तर, भिंतींना सिमेंटचा गिलावा करून वर रंगाचे दोन हात द्या, किंमत आपोआप वाढेल."

ही सूचना ऐकावयास गोड, परंतु पांढऱ्या मातीच्या भिंतीस मारक. मातीची भिंत ओल घेते आणि वाऱ्याउन्हांत ती सोडून देते; चुन्याचा गिलावा तिच्या या कामांत आड येत नाहीं. सिमेंट मात्र ओल आंत कोंडून धरतें, आणि कांहीं पावसाळ्यांनंतर गिलाव्याचे पोपडे मातीसकट खालीं येतात. म्हणजे किंमत आमच्या पदरीं आणि पोपडे घेणाराच्या माथीं! शिवाय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें, जो महत्त्वाचा दोष विकणारास ठाऊक आहे व घेणारास साधारण काळजीनें पाहूनही कळण्यासारखा नाहीं, तो सांगणें हें विकणाराचें कर्तव्यच आहे. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत कित्येक वर्षें ओल धरते, हें आम्हां सर्वांस पक्कें ठाऊक. ती आम्हीं मुद्दाम तशीच ठेवली. कौलें शाकारून घेतलीं, परसांतील विहिरीचा गाळ उपसविला, तुळयांना वाळवी लागली आहे काय तें सुताराकडून ठोकून पाहविलें, आणि रंगाचें प्रकरण मिटविलें.

खरी पडझड निघाली ती कागदांत. घरपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा जपून ठेवला म्हणजे मालकी सिद्ध झाली, अशी पुष्कळांची समजूत असते, आमचीही होती. पण पट्टी कोणीं भरली याहून अधिक त्या पावत्या कांहीं सांगत नाहींत. घेणाराचा वकील आधीं मागतो ती नगर भूमापनाची मिळकतपत्रिका. मागील तीस वर्षांचे नोंदणीचे दप्तरही तो चाळून पाहतो. आमच्या पत्रिकेवर अद्याप आजोबांचें नांव होतें. त्यांना जाऊन साठ वर्षें लोटलीं!

वारसांची यादी करावयास आम्ही बसलों आणि भराभर तीन नांवें लिहिलीं. लिहून झाल्यावर लेखणी थांबली. चौथें नांव आमच्या अक्काचें. ती लग्न होऊन बेळगांवास गेली त्यास आतां पंचेचाळीस वर्षें झालीं. तरुणपणीं आम्हीं विज्ञानेश्वराची मिताक्षरा अभ्यासिली आहे. जन्मतःच पुत्रास वडिलोपार्जित मिळकतींत हक्क, हा तिचा सिद्धांत, आणि महाराष्ट्रांत शतकानुशतकें तीच प्रमाण. तो संस्कार आमच्या हाडांत किती मुरला होता, हें त्या यादीनें दाखविलें. कायदा मात्र केव्हांच पुढें गेला आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनें मुलीसही मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. आणि त्या दिवशीं वडील हयात असलेच पाहिजेत असें नाहीं, हा खुलासा सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं केला. आमचे वडील १९९६ सालीं वारले. वांटणी कधींच झालेली नव्हती.

धाकटा म्हणाला, "त्यांत काय एवढें? हक्कसोडपत्र लिहून ठेवूं. दिवाळीस अक्का येईलच, सही करील." आम्हांसही तें सोयीचें वाटलें, हें लपवीत नाहीं. मसुदा आमच्याच अक्षरांत झाला.

भाऊबीजेचें जेवण झाल्यावर तो कागद अक्कापुढें ठेवला. चष्मा लावून तिनें तो दोनदां वाचला. "अरे, सही करीन कीं नाहीं तें मागाहून पाहूं," ती म्हणाली, "पण माझा वांटा किती, तो यांत कोठेंच लिहिलेला नाहीं. आधीं तो लिहा. मी काय सोडतें आहें तें मला कळूं दे."

धाकट्यानें ओवाळणीवरून कांहीं थट्टा करून पाहिली. कोणी हंसलें नाहीं. गणितांत मधल्या पायऱ्या गाळणाऱ्या मुलाचे गुण आम्ही जन्मभर कापीत आलों. येथें स्वतःच पायरी गाळून उत्तर मागत होतों. तो कागद आम्हीं परत घेतला. वारसनोंदीच्या अर्जावर आतां चार नांवें आहेत, आणि प्रत्येकाचा वांटा चौथाई. पुढें अक्कास कांहीं सोडावयाचें असेल तर तेंही नोंदणी केलेल्या पत्रानेंच. "माझें कांहीं नको" हे जेवतांना काढलेले उद्गार नोंदणी कचेरींत चालत नाहींत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती एकटीच वाडाभर फिरून आली. माजघरांतील कोनाडे तिनें हातानें पुसले, आणि स्वयंपाकघराच्या त्या ओल्या भिंतीपाशीं उभी राहून म्हणाली, "येणाऱ्याला आधीं ही दाखव रे. आई चूल पेटवायची तेव्हां हिच्यांतून वाफ निघायची."

मिळकतपत्रिकेवर चारी नांवें चढलीं, कीं मग जाहिरात. तोंवर किल्ली कोणाकडे राहावी असा प्रश्न निघाला. ती अक्का बेळगांवास घेऊन गेली आहे.