गाण्याचा काटा कुणाच्या हाती?

संगीताची बाजारपेठ आता लोकशाहीवादी झाली आहे, हे विधान गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा छापले गेले आहे की त्याचा पुरावा मागणे हाच उद्धटपणा ठरू लागला आहे. पूर्वी ध्वनिमुद्रिका काढायची तर कंपनीच्या दाराशी ताटकळावे लागे. आता कुणीही गावे, कुणीही मुद्रित करावे आणि मोबाइलवरून साऱ्या जगाला ऐकवावे. किती जणांनी ऐकले याचा आकडाही गाण्याखालीच झळकतो. मग स्वतंत्रपणे गाणाऱ्या शाहिराची, भीमगीते गाणाऱ्याची, हळदीची गाणी रचणाऱ्याची तक्रार उरते ती कसली, असा हा युक्तिवाद आहे. तो फसवा आहे, आणि तो कसा फसवा आहे हे कळंबोलीच्या रहिवाशाला समजावून सांगणे सर्वांत सोपे आहे.

कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार साऱ्यांना ठाऊक आहे. मुंबई शहराच्या दाटीतून लोखंडाचा घाऊक व्यापार बाहेर काढावा म्हणून सिडकोने तो येथे वसवला. या बाजारात सळई, पत्रा, कोन, जे काही येते-जाते ते काट्यावरून. ट्रक रिकामा चढतो, भरून पुन्हा चढतो, आणि दोन वजनांतला फरक काटापावतीवर उमटतो. ती पावती विकणाऱ्याजवळ असते, घेणाऱ्याजवळ असते आणि गाडीवाल्याजवळही असते. शंका आली तर माल दुसऱ्या काट्यावर नेता येतो. भावावरून या बाजारात रोज भांडणे होतात. परंतु भांडणासाठी आधी वजन तरी उभयपक्षी मान्य असावे लागते, आणि ते तसे असते.

याच कळंबोली-रोडपाली-कामोठ्याच्या परिसरात आणि पुढे उरणपर्यंत आगरी-कोळी गाण्यांचा एक मोठा व्यवसाय उभा आहे. लग्नसराईत एकही हळद त्यावाचून साजरी होत नाही. या गाण्यांना काटा आहे काय? आकडा आहे, काटा नाही. आकडा आणि काटा यांतला भेद हाच या लेखाचा विषय आहे.

हा भेद अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचा तर असा. गाणी ऐकवणाऱ्या बहुतेक मंचांवर प्रत्येक श्रवणाला ठरावीक दर नसतो. वर्गणी आणि जाहिराती यांतून महिनाभरात गोळा झालेल्या रकमेतला मंचाचा वाटा वजा जाऊन उरलेली गंगाजळी सर्व गाण्यांच्या एकूण श्रवणसंख्येच्या प्रमाणात वाटली जाते. म्हणजे गायकाचा वाटा हा एक अपूर्णांक आहे. त्यातला अंश, म्हणजे स्वतःच्या गाण्याचा आकडा, त्याला दाखवला जातो. छेद, म्हणजे एकूण श्रवणे, त्याला दिसत नाही. गंगाजळी किती होती, तेही दिसत नाही. मोठ्या कंपन्यांशी झालेले करार गोपनीय असल्यामुळे त्यांना आगाऊ किती मिळाले हे तर कुणालाच दिसत नाही. शाळकरी मुलाला विचारा, की अंश सांगून अपूर्णांक काढता येतो काय? आणि या अर्ध्या अपूर्णांकाला आपण पारदर्शकता म्हणतो!

माझा एक माजी विद्यार्थी नोकरी सांभाळून गाणी रचतो. गाणी मंचांवर चढवून देणाऱ्या एका वितरकाकडून आलेला हिशेबाचा कागद त्याने मला दाखवला. महिना एक, मंच एक, गाणे एक. पण दोन ओळींत दर श्रवणाचा दर निरनिराळा. दोहोंचे कारण काही असेलही; वर्गणीदार आणि फुकट ऐकणारे यांच्या गंगाजळ्या वेगळ्या असतात हे मला ठाऊक आहे. परंतु कागदावर त्याचा उल्लेख नव्हता, आणि विचारणा केल्यावर ‘सूत्रानुसार’ एवढेच उत्तर आले. चाळीस वर्षांपूर्वी सावकाराच्या वहीवर बोट ठेवणाऱ्या कुळाला याहून निराळे उत्तर मिळत नसे.

काटा हाती असला की काटामारीही करता येते. महाराष्ट्रातील ऊस-उत्पादकाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. येथे तर ती नियम म्हणून जाहीर झाली आहे. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला की मागील बारा महिन्यांत ज्या गाण्याची किमान १,००० श्रवणे झाली नाहीत त्याला रॉयल्टी नाही. आणि श्रवण म्हणजे किमान तीस सेकंद. ९९९ वेळा ऐकले गेलेले गाणे हिशेबात शून्य आहे. त्याच्या वाट्याची रक्कम नाहीशी होत नाही, ती उंबरठा ओलांडलेल्या गाण्यांकडे वळते. प्रत्येक गाण्यामागे ही रक्कम क्षुल्लक आहे, असे समर्थन केले जाते. एका मोळीमागे दोन किलो उसाबद्दलही कारखान्याचे कारभारी हेच म्हणत आले.

मोजणी तटस्थ नसते, याचा एक दाखला अमेरिकेतून घेऊ. तेथील ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या लोकप्रियतेच्या याद्या १९९१ पर्यंत दुकानदारांना विचारून तयार होत. काय खपते, हे दुकानदार आठवणीने आणि आवडीने सांगत. कंपन्यांच्या माणसांना ती आवड घडवता येत असे. १९९१ च्या मे महिन्यात साउंडस्कॅन ही यंत्रणा वापरात आली आणि गल्ल्यावर बारकोड वाचून प्रत्यक्ष विक्रीची नोंद होऊ लागली. श्रोते तेच, दुकाने तीच. पण कृष्णवर्णीयांचे रॅप आणि ग्रामीण गोऱ्यांचे कंट्री संगीत यादीत एकाएकी वर चढले. ते आधीही खपतच होते. केवळ ते खपते असे सांगणारा कुणी नव्हता. स्वतंत्र कलावंताला कार्यक्रमाच्या ठिकाणी विकलेल्या प्रतीही त्या यंत्रणेत नोंदवण्याची सोय पुढे मिळाली. ती यंत्रणाही खासगीच होती आणि तिच्यावरही टीका झाली, पण मोजणीची रीत बदलली की कोण दिसतो आणि कोण दिसत नाही हे बदलते, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

आपल्याकडे काय घडले? वृत्तपत्रांचा खप तपासणारी ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८ मध्येच उभी राहिली. कारण स्पष्ट आहे. जाहिरातदाराला आपला पैसा कुठे जातो हे कळायला हवे होते. जेथे पैसेवाल्याला मोजणी हवी असते तेथे मोजणी होते. ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत मोजणी हवी होती ती गाणाऱ्याला, आणि त्याच्याकडे पैसा नव्हता. म्हणून कॅसेटच्या सुगीच्या काळात ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर भीमगीतांच्या कॅसेटींचे जे ठेले लागत, त्यांवरील खपाची नोंद कोणत्याही सार्वजनिक वहीत सापडायची नाही. वामनदादा कर्डकांची गाणी किती कंठांतून आणि किती फितींतून महाराष्ट्रभर गेली याचा अंदाज बांधता येतो, हिशेब मांडता येत नाही. १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५२-अ आले. ध्वनिमुद्रिकेवर निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे आवश्यक झाले. प्रती किती काढल्या, हे छापण्याची सक्ती मात्र केली गेली नाही. चाचेगिरी रोखण्यासाठी कंपनीला जेवढे हवे होते तेवढेच कायद्याने दिले.

आणि २०२१ मध्ये या देशात गाण्यांची पहिली अधिकृत यादी निघाली तेव्हाचा प्रकार तर मुळातून पाहण्यासारखा आहे. ध्वनिमुद्रण कंपन्यांची ‘इंडियन म्युझिक इंडस्ट्री’ ही संघटना १९३६ पासूनची. तिने मंचांकडून आकडे घेऊन वीस गाण्यांची साप्ताहिक यादी प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. कोणत्या गाण्यांची? आंतरराष्ट्रीय गाण्यांची. मराठी, पंजाबी, भोजपुरी, तमिळ गाणी ज्या देशात ऐकली जातात, त्या देशाच्या उद्योगसंघटनेने अधिकृत मोजणी आरंभली ती परदेशी गाण्यांपासून. पुढील वर्षी भारतीय गाण्यांची साप्ताहिक यादी केली ती अमेरिकेतल्या त्याच बिलबोर्डने.

यावर कुणी म्हणेल, कायदा तर कलावंताच्या बाजूने बदलला. अर्धे खरे आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात चित्रपट-निर्मात्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून गायकाला कायद्यात स्थानच नाही याबद्दल खंत व्यक्त केली. गायकाचा हक्क कायद्यात यायला १९९४ उजाडले, आणि गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही हे ठरायला २०१२. जावेद अख्तर यांनी संसदेत आणि बाहेर त्यासाठी केलेला झगडा मोलाचा होता. पण समान वाट्याचा हक्क हा कशाच्या समान, हे एकूण कळल्याशिवाय कसे ठरणार? याच दुरुस्तीतील कलम ३१-क मध्ये, दुसऱ्याचे गाणे नव्याने मुद्रित करून विकणाऱ्याने हिशेबाच्या वह्या ठेवाव्यात आणि मूळ हक्कधारकाला त्या तपासू द्याव्यात, अशी तरतूद आहे. म्हणजे वही तपासण्याचे तत्त्व आपल्या कायद्याला अपरिचित नाही. ते मंचांना लागू करण्याचे धाडस तेवढे झालेले नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात कलावंताला वर्षातून किमान एकदा वापराची आणि उत्पन्नाची सविस्तर माहिती देण्याचे बंधन घातले. आपण तेवढेही केलेले नाही.

तोवर गायकाने हात बांधून बसावे असे मी म्हणत नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा आंतरराष्ट्रीय संकेतांक असतो. भारतात तो उपरोक्त संघटनेमार्फत मिळतो. वितरक तो परस्पर देतो, पण तो स्वतःच्या नोंदणीवर घ्यावा आणि वितरक बदलला तरी तोच ठेवावा, नाहीतर एकाच गाण्याची श्रवणे दोन खात्यांत विखुरतात. या संकेतांकाने मालकी सिद्ध होत नाही हेही ध्यानात असू द्यावे. गीत आणि चाल यांची नोंद परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे, गायनाची गायकांच्या संस्थेकडे करावी. कॉपीराइट कार्यालयातील नोंदणी सक्तीची नाही, तरी वादाच्या वेळी उपयोगी पडते. गीतासाठी वा चालीसाठी शुल्क ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये. कार्यक्रमात प्रती विकल्या तर क्रमांकित पावतीपुस्तक ठेवावे. हे सारे करणारा गायक फसणार नाही असे नाही. फसल्याचा पुरावा त्याच्याजवळ असेल, इतकेच.

कला मोजू नये, असा एक उदात्त आक्षेप येतो. तो बहुधा ज्यांचे वेतन दरमहा मोजून बँकेत जमा होते तेच घेतात. त्यांत आम्ही प्राध्यापकही आलो. राज्य शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते, आणि त्या अर्जासोबत आयुष्यभर कला केल्याचे पुरावे जोडावे लागतात. ज्याचे गाणे कुणी मोजलेच नाही त्याने सत्तराव्या वर्षी कात्रणे कुठून आणावीत? ज्या हळदीत त्याचे गाणे रात्रभर वाजले तिची निमंत्रणपत्रिका जोडावी काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोजणी सार्वजनिक हाती दिली की दफ्तरदिरंगाई आली, असे म्हणतात. याचे उत्तरही कळंबोलीच्या बाजारातच आहे. तेथे जो माणूस लोखंड उचलतो त्याला एके काळी ना मालक होता ना हजेरीपट. आज या दुकानी, उद्या त्या. ‘तू आमचा कामगार नाहीस’ असे प्रत्येक मालक त्याला सांगू शकत होता. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडींनी लढा दिला आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. कामगार, मालक आणि शासन यांचे मंडळ. त्याच्याकडे दोन्ही पक्षांची नोंदणी. केलेल्या कामाची मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मालकाने मंडळात भरायची. मंडळाने मजुरी चुकती करायची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार पाहायचे. या मंडळांत पुढे दोष शिरले, बोगस माथाडीही निघाले, हे मी नाकारत नाही. तरीही विखुरलेल्या श्रमाचा हिशेब सार्वजनिक वहीत मांडता येतो, हे याच राज्याने अर्धशतकापूर्वी करून दाखवले आहे. स्वतंत्र गायकाची अवस्था त्या माथाडीहून भिन्न नाही. त्याचेही मालक अनेक आहेत आणि एकही नाही.

म्हणून मागणी नेमकी असावी. मंचांनी दर महिन्याची गंगाजळी, एकूण श्रवणे आणि भाषावार विभागणी एका वैधानिक मंडळाकडे कळवावी, आणि त्या मंडळावर गाणाऱ्यांचे प्रतिनिधी मालकांइतकेच असावेत. निधीचीही वाट आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. कामगार संघटनांचे या संहितांवरील आक्षेप मला मान्य आहेत. परंतु तिच्या सातव्या अनुसूचीत ज्या मंचांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान द्यायचे त्यांत आशय व माध्यम सेवांचाही उल्लेख आहे. त्या शब्दांत गाण्याचे मंच बसवून घेण्याचा आग्रह आजच धरला पाहिजे; उद्या कंपन्यांचे वकील त्यांतून ते बाहेर काढतील.

आणि मंडळ येईपर्यंत सहकार आहेच. गायक-वादकांच्या संस्थेने संकेतांक स्वतःच्या नोंदणीवर घ्यावेत, वितरकाशी करार एकत्र करावा आणि साऱ्यांचे हिशेबाचे कागद एका टेबलावर मांडून दर ताडून पाहावेत. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे संस्था नोंदवायला निरनिराळ्या कुटुंबांतील दहा माणसे पुरतात. पनवेल तालुक्यातल्या एका बँजो पार्टीत याहून अधिक असतात.