हार्बरवरचे तास कुणाच्या खात्यावर?

'ऑफिसला या, घरून तेवढं काम होत नाही,' असं सांगणाऱ्या मॅनेजरला पनवेलकराने एकच प्रश्न विचारावा: तुमचं घड्याळ सुरू कुठून होतं?

पनवेलहून सीएसएमटी साधारण 80 मिनिटं. हार्बरला फास्टची वेगळी लाइनच नाही; घाई तुम्हाला असते, गाडीला नसते. जाऊन-येऊन 160 मिनिटं, महिन्याचे 22 दिवस. झाले जवळपास 59 तास. म्हणजे आठ तासांच्या सात शिफ्ट, वर थोडे सुटे. स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा यात धरलेलीच नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायचा सल्ला दिला. मग आमचे गाडीतले आठवड्याचे 13 तास त्या 70 मध्ये धरायचे, की ते देवाला वाहिले?

गंमत म्हणजे हे शहर उभं राहिलं तेच हा प्रवास टाळण्यासाठी. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1960च्या दशकात खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली आणि 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. माणसांबरोबर नोकऱ्याही इकडे याव्यात, असा बेत होता. घरं आली. नोकऱ्या काही बेलापूर-महापे-ऐरोलीला आल्या, बऱ्याच मुंबईतच राहिल्या. मग 2020च्या लॉकडाऊनमध्ये त्यातल्या कितीतरी नोकऱ्या खांदा कॉलनीच्या आणि कामोठ्याच्या डायनिंग टेबलावर येऊन बसल्या. 50 वर्षांच्या नियोजनाला जे जमलं नाही, ते लॅपटॉपने आठवड्याभरात केलं. आणि कामं थांबली नाहीत.

'पण उत्पादकता?' तीही मोजून झाली आहे. निकोलस ब्लूम या अर्थतज्ज्ञाने सहकाऱ्यांसोबत चीनमधल्या एका प्रवास कंपनीत दोन प्रयोग केले. पहिल्यात, कॉल सेंटरमधल्या लोकांनी नऊ महिने घरून काम केलं आणि काम 13 टक्क्यांनी वाढलं. 2024 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या दुसऱ्यात, आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामात फरक पडला नाही, मात्र नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. ही घट कुणात ठळक होती? स्त्रियांत आणि लांबून येणाऱ्यांत. म्हणजे आपल्यात.

पण 'वर्क फ्रॉम होम झिंदाबाद' म्हणणाऱ्यांनीही थांबावं. पहिल्या प्रयोगात स्वतंत्र खोली असलेल्यांनाच घेतलं होतं. तरीही प्रयोग संपल्यावर निम्मे लोक आपणहून ऑफिसला परतले, कारण घरी एकटं वाटत होतं. आपल्याकडे तर वन आरकेमध्ये आई-बाबा, भाऊ आणि टीव्ही. कॉल सुरू असताना कुकरची शिट्टी. आणि घरी बसलेली सून म्हणजे सगळ्यांच्या लेखी रिकामी. तिला ऑफिसची खुर्ची हीच एकमेव स्वतःची जागा असेल, तर तिला घरून कामाचे फायदे कुणी सांगू नयेत. निवडीची मोकळीक मिळाली, तेव्हा त्या कॉल सेंटरमधला फायदा 22 टक्क्यांवर गेला. ज्याला जे मानवतं, ते त्याने घेतलं, इतकंच.

नर्सला, वॉचमनला, जेएनपीटीच्या कंटेनर ड्रायव्हरला हा पर्याय नाही, हे खरं. पण म्हणून लॅपटॉपवाल्यानेही गर्दीत चेंगरावं, हा न्याय नव्हे. तो घरी थांबला, तर त्याची उभं राहायची जागा त्या नर्सला मिळते.

तेव्हा कंपन्यांनी हजेरी मोजणं सोडून काम मोजावं. कुठे बसायचं, ते काम करणाऱ्याने ठरवावं. आणि ऑफिसला यायची सक्ती करायचीच असेल, तर पनवेल स्टेशनात पाय ठेवल्यापासून पगार सुरू करा. मग बघू, ऑफिसात बसणं किती 'अत्यावश्यक' उरतं ते.