चार हजार किलोमीटरची गाडी

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बॉनेट उघडायच्या आधीच विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" ज्याला रोज कात्रजहून हिंजवडी गाठायची आहे, त्यानं हा प्रश्न पहिला विचारावा. पण या स्तंभाला पत्रं पाठवणारी बरीचशी घरं वेगळी आहेत. नवरा-बायको दुचाकीनं किंवा मेट्रोनं कामाला जातात. गाडी लागते ती आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला, महिन्या-दोन महिन्यांतून गावी जायला, लग्नसराईत आणि धो-धो पावसात मुलांना क्लासहून आणायला. वर्षाचं रनिंग चार हजार किलोमीटर, फार तर पाच. अशा घरानं ॲव्हरेजचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब सोपा जावा म्हणून पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी चार हजार किलोमीटरला २६७ लिटर पिते, २० देणारी २००. फरक वर्षाला ६,७०० रुपयांचा, म्हणजे महिन्याला साडेपाचशे. एवढ्या फरकापायी लोक पन्नास-साठ हजार जास्त मोजून डिझेल घेतात, तेव्हा वाईट वाटतं. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. तिच्यात साठलेली काजळी जळून जायला गाडी हायवेवर सलग काही वेळ एका वेगानं पळावी लागते. घर, दवाखाना, मंडई एवढंच फिरणाऱ्या गाडीत ती जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गॅरेजचं बिल हजारांत येतं. त्याआधीच्या डिझेल गाड्यांत जाळीची कटकट बहुधा नसते, पण इंजेक्टर आणि टर्बो असतातच, आणि त्यांचं एकच मोठं काम निघालं की दोन-तीन वर्षांची बचत गेली. कमी रनिंग असेल तर डिझेलकडे वळूच नये.

सीएनजीत बचत खरी आहे. पण गाडीला मोजलेली जास्तीची रक्कम या रनिंगवर वसूल व्हायला वर्षानुवर्षं लागतात. डिकी टाकीनं भरलेली असते, म्हणजे गावी निघताना बॅगा मांडीवर. दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी करून घ्यावी लागते ती वेगळीच. तरीही सीएनजीच घ्यायची असेल, तर आरसी बुकात सीएनजीची नोंद आहे ना, एवढं तरी बघा. बाहेरून बसवलेल्या किटची नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'डॉक्टरांची गाडी, सिंगल हँड, फक्त १८,००० चाललेली'. गाडी दहा वर्षांची. वाचणाऱ्याला वाटतं, लॉटरी लागली. मी अशा गाडीपासून दोन पावलं लांब उभा राहतो. एक तर मीटर मागं फिरवलेला असू शकतो. हे काम किती सहज होतं, हे बाजारातल्या कुणालाही विचारा. आणि आकडा खरा असेल तर गाडी दहा वर्षांतली बहुतेक वर्षं पार्किंगमध्ये उभी होती. उभी गाडी जपलेली असते हा गैरसमज आहे. बॅटरी उतरते. ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो. दारांचं आणि काचांचं रबर कडक होतं. एसी महिनोन् महिने लावला नाही की कॉम्प्रेसरचं सील सुकतं आणि गॅस हळूहळू निघून जातो. उंदीर बॉनेटखाली संसार थाटून वायरिंग कुरतडतात.

टायर तर जवळून बघण्यासारखा. गुडघ्यावर बसा आणि टायरच्या बाजूला, डीओटी या अक्षरांनंतर शेवटी कोरलेले चार आकडे शोधा. २३१६ असेल तर तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी नव्यासारखी खोल असेल, नखानं दाबून बघितली तरी शंका येणार नाही, पण बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा दिसतील. असा टायर घाटात किंवा द्रुतगती मार्गावर उन्हात फुटू शकतो. चारही टायर बदलायचे म्हणजे पंधरा-वीस हजार रुपये, आणि 'फक्त १८,००० चाललेली' म्हणून मागितलेल्या जादा किमतीत ते धरलेले नसतात.

याउलट सहा वर्षांची, ६५,००० चाललेली, दरवर्षी ऑइल बदललेली, सर्व्हिस सेंटरकडे पूर्ण नोंद असलेली गाडी घ्या. तुम्ही ती वर्षाला चार हजार चालवाल. आणखी सहा वर्षांनी मीटर ८९,००० दाखवील. नीट सांभाळलेल्या साध्या पेट्रोल इंजिनाला हा आकडा अजिबात जड नाही. बाजारात कमी मीटरचे वेगळे पैसे घेतात, आणि ते ज्याला वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरायचं आहे त्यानं द्यावेत. जे किलोमीटर तुम्ही वापरणारच नाही त्यांचे पैसे का भरायचे?

वय मात्र नीट बघा, कारण गाडीचं वय रनिंगवर थांबत नाही. खासगी गाडीचं पासिंग १५ वर्षांचं. त्यानंतर फिटनेस, फेरनोंदणी आणि आपल्याकडे पर्यावरण कर. बारा वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली की तीनच वर्षांत हे सगळं दारात उभं राहतं. सुरक्षेचाही प्रश्न आहे. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, त्याच वर्षी जुलैपासून चालकाची एअरबॅग. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या मॉडेलना सक्तीची व्हायला २०२१ संपावं लागलं. म्हणून माझी रेघ २०१९ च्या मध्यावर आहे. त्यामागची गाडी कितीही देखणी असली तरी दोन एअरबॅगचं मॉडेल असल्याची खात्री करूनच पुढं जा. मुलं आणि म्हातारी माणसं बसणार आहेत, इथं काटकसर नको.

गाड्यांची नावं विचाराल तर यादी लहान आहे. घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर वॅगन-आर. सीट उंचावर असल्यानं आजी वाकून बसत नाही, नुसती सरकून बसते, आणि हे सुख ॲव्हरेजपेक्षा मोठं आहे. सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. पण ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला दोनच तारे मिळाले होते, २०२३ मध्ये नव्या निकषांवर तर एकच. टाटाच्या टियागोला जानेवारी २०२० मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. महिन्याला कोल्हापूर किंवा नाशिकचा हायवे धरणाऱ्या कुटुंबाला मी टियागो सुचवीन, गावातल्या गावात फिरणाऱ्यांना वॅगन-आर. ह्युंदाईची ग्रँड आय-टेनही चांगली, फक्त तिची किंमत जरा ताठ असते. तळेगावात बनलेली शेव्हरोले बीट किंवा रांजणगावची फियाट पुंटो अगदी स्वस्तात दिसते. पुंटोचा पत्रा दणकट होता हेही खरं. पण कंपन्यांनी इथली विक्री बंद केली आहे आणि हेडलाइटसाठी जुना बाजार पालथा घालावा लागतो. ज्याच्या हाताशी मुरलेला मेकॅनिक आहे त्यानंच तिकडं जावं.

इथेनॉलबद्दलही विचारणा होते. एप्रिल २०२३ च्या आधी बनलेल्या बहुतेक गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी मुद्दाम बनवलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. चार हजार किलोमीटरवर ही घट वर्षाला दीड-दोन हजार रुपयांची. त्यासाठी चांगली गाडी सोडू नका. मात्र इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून तेच पेट्रोल महिनोन् महिने टाकीत पडू देऊ नका.

भाव करताना एक गोष्ट हाताशी ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीची किंमतही उतरायलाच हवी, आणि विकणारा त्याआधीचे भाव सांगत असेल तर हे त्याला स्पष्ट सांगा.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की सेल्फ मारू नका, थंड इंजिनच बघायचं आहे. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या, त्याला पाचशे-हजार द्या. सांगली-कोल्हापूरला २०१९ आणि २०२१ मध्ये पूर आला, चिपळूण जुलै २०२१ मध्ये पाण्याखाली गेलं. पुरात बुडालेल्या गाड्या धुवून-पुसून लांबच्या शहरांत विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातीचा डाग किंवा कुबट वास असेल तर चालू लागा. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंजही तेच सांगतो.

कागदांत बँकेचा बोजा उतरलेला असावा, ई-चलन भरलेली असावीत, आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. आरसीवर तुमचं नाव चढेपर्यंत एजंटाचा पिच्छा सोडू नका. परराज्यातली स्वस्त गाडी मोहात पाडते, पण एनओसी आणि महाराष्ट्राचा कर भरल्यावर तो स्वस्तपणा बराच विरतो. विम्याचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो. मात्र २०२२ पासून जेवढी गाडी चालेल तेवढाच हप्ता ही सोय विमा कंपन्या देऊ शकतात. कमी रनिंगच्या घरासाठीच ती आहे, आणि एजंट ती आपणहून क्वचितच सांगतो.

गाडीच्या किमतीशिवाय पंचवीस-तीस हजार बाजूला ठेवा. पहिल्याच आठवड्यात ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला, लागले तर टायर आणि बॅटरी. त्यानंतर ऑइल वर्षातून एकदा बदलाच, किलोमीटर भरले नसले तरी. अनेक सोसायट्यांत रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडी पाच मिनिटं चालू करून बंद करतात. त्यानं सेल्फला गेलेली वीज बॅटरीत परत येत नाही, आणि इंजिन नीट तापत नसल्यानं सायलेन्सरमध्ये, ऑइलमध्ये पाणी साठतं. त्यापेक्षा गाडी बाहेर काढा, एसी लावा आणि अर्धा तास चालवा. आठवड्याला पंधरा-वीस किलोमीटर होतात, वर्षाचे हजारभर. तेही त्या चार हजारांत धरा.