सुटका झाली, पण रात्रीचा मुक्काम कुठे?

गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झालं. पाणी आलं, गावं उठली, जमिनी गेल्या. अशा घरांच्या दाराशी दलाल दोन बाता घेऊन येतो: ‘नागपूरला काम लावून देतो’ किंवा ‘रिश्ता चांगला आहे, खर्च आमचा’. यावर आपण बोलतो. पण फसलेली मुलगी पोलिसांनी रात्री सोडवली, तर ती झोपणार कुठे? हे कुणी विचारत नाही.

कागदावर सोय आहे. २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यात ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची योजना आहे. तिथं पोलीस, वकील, डॉक्टर यांची मदत आणि साधारण पाच दिवसांचा आसरा. मुलगी अठराच्या आतली असेल तर चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे. पुढच्या मुक्कामासाठी २००७ ची ‘उज्ज्वला’ योजना होती, ती आता ‘शक्ती सदन’मध्ये मिसळली. पण गोसीखुर्दहून आधी पवनी, मग भंडारा. रात्री एवढं अंतर ती कुणाच्या गाडीतून जाणार?

खरी गोम पुढेच आहे. अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यात, म्हणजे १९५६ च्या ‘पिटा’त, सोडवलेल्या बाईला एक ते तीन वर्षं संरक्षण गृहात ठेवण्याचा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतो. ती सज्ञान असली, घरी जायचं म्हणाली, तरी. मग आसरा कुठला, ती कोठडीच की! मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांना सांगितलं की अशा गृहांची पाहणी करा, मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांना सोडण्याचं बघा.

मुंबईनं हे आधीच पाहिलंय. फेब्रुवारी १९९६ मध्ये कुंटणखान्यांवर छापे पडले, चारशेहून जास्त मुली सुटल्या, त्यात नेपाळच्या पुष्कळ. त्यांचं सरकार परत घ्यायला तयार नव्हतं, म्हणून महिनोन्महिने त्या इथल्या सरकारी गृहांत राहिल्या. परतलेल्यांपैकी काहींनी काठमांडूत ‘शक्ती समूह’ उभा केला. २०१३ मध्ये त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आमच्या वर्गातली मुलगी आठ दिवस दिसली नाही की घरी जाऊन विचारायचं, हे मी शिक्षक म्हणून सांगतो. आणि मुलगी परत आली तर? मोहल्ल्यात ‘लोग क्या कहेंगे’ सुरू होतं, घरचेच दार लोटून घेतात. मग पाच दिवसांनंतर सखी सेंटर तिला कुणाच्या हवाली करणार? खाला, फुफी, मामू, कुणीतरी एकानं आधीच हो म्हणून ठेवलेलं बरं. महिला हेल्पलाइन १८१ आणि मुलांसाठी १०९८, दोन्ही रात्रंदिवस चालतात. जुम्म्याच्या दिवशी मशिदीच्या फलकावर हे आकडे लिहिता येतील.