मोजले, तर ऐकावेही लागेल

२६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात आयएनएस सिंधुरत्न या पाणबुडीत धूर कोंडला आणि दोन अधिकारी मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून पद सोडले. जहाजाच्या पोटातल्या सामग्रीची देखभाल हा किती वरपर्यंत पोचणारा विषय आहे, हे त्या दिवशी देशाला कळले. आता दिल्लीत, छावणी भागात, नवे नौसेना भवन उभे आहे. जहाजावरची यंत्रे ठरलेले तास भरले म्हणून उघडावीत की त्यांची प्रकृती पाहून, याचा नीट विचार तिथे व्हायला हवा.

प्रकृती पाहण्याच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. दुसऱ्या महायुद्धात सी. एच. वॉडिंग्टन यांच्या गटाने ब्रिटिश हवाई दलाच्या नोंदी चाळल्या, तेव्हा ठरावीक तपासणीनंतर लगेचच विमानांचे बिघाड वाढतात असे दिसले. धडधाकट यंत्र उघडणे हाही धोकाच असतो. याउलट पंपाच्या बेअरिंगवर बसवलेला सेन्सर कंपातला बारीक फरक कानाला जाणवण्याआधी टिपतो. वंगणाच्या नमुन्यात तांबे, शिसे वाढले तर बेअरिंग झिजते आहे, सोडियम वाढले तर बहुधा खारे पाणी शिरते आहे. डिसेंबर २०१५ मध्ये यूएसएस मिलवॉकी ही अमेरिकी युद्धनौका ओढून न्यावी लागली, तेव्हा तिला ताफ्यात येऊन महिनाही झाला नव्हता. दुखणे दिसले ते वंगणाच्या गाळणीतल्या धातूच्या चुऱ्यात. वयाच्या हिशेबात ते सापडलेच नसते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. रबरी सील, होजपाइप, बॅटऱ्या, आग विझवण्याची सामग्री यांना वय असते. ती वेळापत्रकानेच बदलली पाहिजेत. सेन्सरही बिघडतो. खोटे इशारे वाढले की माणसे खऱ्या इशाऱ्याकडेही काणाडोळा करतात. शिवाय यंत्रांची माहिती किनाऱ्याकडे सतत पाठवणे म्हणजे जहाजाचे दुबळेपण शत्रूच्या हाती लागण्याची जोखीम. म्हणून ती आधी जहाजावरच वाचता आली पाहिजे. त्यासाठी लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत घडणाऱ्या तंत्रज्ञांचा सराव सेन्सरइतकाच मोलाचा आहे.

तेव्हा फिरत्या यंत्रांना प्रकृतीचा निकष आणि जीव वाचवणाऱ्या सामग्रीला तारखेचा, अशी विभागणी आम्हाला योग्य वाटते. मात्र खरी कसोटी मोजणीनंतर लागते. आलेख चढत असताना मोहिमेच्या घाईत दुखणे अंगावर काढायचे असेल, तर लाखोंची उपकरणे वाया गेली. इंजिनिअर अधिकाऱ्याची लेखी हरकत जहाज रोखण्यास पुरेशी असावी. युद्धाच्या प्रसंगी ती बाजूला सारण्याचा अधिकार वरिष्ठांना जरूर असावा. पण त्यांनी कारण लिहून खाली स्वतःची सही करावी. इंजिन रूममध्ये पहारा देणाऱ्या खलाशाचे एवढे देणे आपण लागतो.